विनाचालक बसचा चालक

माणूस यंत्रावर विश्वास टाकायला कधीही तयार असतो. अट एवढीच, की त्या यंत्राशेजारी, वेळ पडल्यास ज्याच्या नावानं बोटं मोडता येतील असा एक माणूस बसवलेला असावा. हे सत्य आमच्या शहर परिवहन विभागाला अनुभवानं कळलं. अनुभव आमच्याकडे भरपूर आहे. (इतर गोष्टी कमी पडतात तिथे आम्ही तोच वापरतो.) मी त्या वेळी विभागात अहवाललेखक होतो, आणि पुढची हकीकत मी स्वतः पाहिलेली, ऐकलेली व तीन प्रतींत टंकलेली आहे.

विभागानं विजेवर चालणाऱ्या बारा बसगाड्या आणल्या. त्यांना धूर नव्हता, गिअर नव्हता आणि चालकही नव्हता. छतावर आठ कॅमेरे, पोटात एक संगणक, आणि पुढच्या काचेमागे जिथे चालक बसायचा तिथे कुंडीतलं एक रोपटं. रोपट्याची कल्पना मोठ्या साहेबांची. रिकामी जागा बघून लोक घाबरतील, हिरवळ बघून प्रसन्न होतील, असा त्यांचा कयास होता. गाड्यांची सगळी जबाबदारी अभियंताताईंकडे होती. वय अठ्ठावीस, पायात कायम धावायचे बूट. गाड्यांबद्दल त्या अशा बोलायच्या, जशी वर्गात पहिल्या आलेल्या मुलाची आई बोलते: तोंडानं 'काही विशेष नाही हो', आणि गुणपत्रक मात्र पर्समध्ये तयार.

पहिल्या महिन्याचं गुणपत्रक असं होतं. अपघात शून्य. उशीर शून्य. सिग्नल तोडणे शून्य. त्याच महिन्यात आमच्या जुन्या डिझेल गाड्यांनी नऊ ठिकाणी धडक दिली, त्यापैकी एक डेपोच्याच भिंतीला. (भिंत त्या वेळी स्थिर होती, एवढं चौकशीत निष्पन्न झालं.)

महिनाभरात नव्या गाड्यांविरुद्ध आलेल्या तक्रारींचा तपशील पुढीलप्रमाणे. बस आवाज न करता येते, त्यामुळे आली हे कळत नाही: दोनशे चौदा. बस वेळेवर येते, त्यामुळे चुकते: तीनशे नव्वद. बस थांब्यावरच थांबते: पाचशे दोन. धूर नसल्यामुळे मळमळतं: सव्वीस. विजेच्या गाडीत बसल्यापासून केस गळतात: अकरा. (यांपैकी चौघांचे केस, त्यांनीच जोडलेल्या फोटोंवरून पाहता, या शहरात वीज येण्यापूर्वीच गेले असावेत.) बसला हात केला तर ओळख दाखवत नाही: सातशे एकोणीस. बस धोकादायक आहे, अशी तक्रार एकही नव्हती. ती फक्त वागायला बरी नव्हती.

लोक नवी बस रिकामी जाऊ देत आणि मागून येणाऱ्या जुन्या बससाठी थांबत. त्या बसचा चालक एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात केळं धरून गुडघ्यांनी गाडी हाकायचा. दाराला लोंबकळणाऱ्या एका गृहस्थांना मी, सर्वेक्षणाचा भाग म्हणून, याबद्दल छेडलं. ते म्हणाले, "काही झालं तरी गुडघे माणसाचे आहेत."

या लोकभावनेचं नेतृत्व छत्रीवाल्या आजोबांकडे आलं. आजोबा वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक होते. नोकरीत असताना त्यांनी शहरातल्या एकाही तराजूवर विश्वास ठेवला नव्हता, आणि निवृत्तीनंतर ती सवय त्यांनी सगळ्या जगाला लावली होती. ऊन असो वा नसो, पाऊस असो वा नसो, हातात छत्री. तिच्या टोकानं ते मुद्दे मांडत. त्यांनी चार हजार सहा सह्या गोळा केल्या आणि विभागाच्या जाहीर सभेत उभे राहून एकच प्रश्न विचारला: "उद्या या गाडीनं मला धक्का दिला, तर मी रागानं बघायचं कोणाकडे?"

व्यासपीठावर चार अधिकारी, एक प्राध्यापक आणि अभियंताताई होत्या. ताईंनी कॅमेऱ्यांची संख्या सांगितली. प्राध्यापकांनी टक्केवारी सांगितली. आजोबांनी छत्री उचलून भिंतीवर लावलेल्या बसच्या फोटोतल्या कुंडीकडे रोखली आणि विचारलं, ह्याच्याकडे? सभागृह हसलं. मोठे साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी तो प्रश्न डायरीत लिहून घेतला आणि खाली दोन रेघा ओढल्या. मोठे साहेब थोर आहेत ते यासाठी. दुसरा एखादा अधिकारी लोकांचं मन बदलायला गेला असता. साहेबांनी फक्त कुंडी बदलायचं ठरवलं.

अशा रीतीनं 'आसनस्थ चालक' हे पद निर्माण झालं.

पुढच्या काचेमागे खुर्ची बसवली. खुर्चीसमोर एक पाटासारखी फळी, आणि फळीला तीन स्क्रूंनी अडकवलेलं स्टिअरिंग. ते कशालाही जोडलेलं नव्हतं. ब्रेक पायाखाली दबत होता आणि पाय काढल्यावर वर येत होता, यापलीकडे त्याच्याकडून काही अपेक्षा नव्हती. हॉर्न मात्र खरा होता; फक्त तो गाडीच्या आतच ऐकू यायचा. हॉर्न वाजला की गाडी वेग घेते, असं सत्त्याहत्तर टक्के प्रवासी मानतात, आणि त्यांच्या श्रद्धेला रस्त्यावरच्या लोकांनी का म्हणून भोगावं?

मुलाखतींना चाळीसेक उमेदवार आले. एक जण फार देखणा होता. त्याला शिव्या द्यायला लोक धजावणार नाहीत म्हणून गाळला. एकाला कामाचं स्वरूप सांगितल्यावर हसू आवरेना. पहिल्या गाडीसाठी निवड झाली ती सबुरीमामांची, आणि त्यांना अर्ज करायला लावलं होतं मामींनी.

सबुरीमामा आमचेच निवृत्त चालक. एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. घाई करणाऱ्या प्रत्येकाला ते 'सबुरीनं घ्या' म्हणत, त्यावरून ते नाव. त्यांचा फोटो डेपोच्या जेवणघरात, हात धुवायच्या नळाच्या वर लावलेला होता. खाली लिहिलं होतं, 'एकतीस वर्षं, एकही ओरखडा नाही.' निवृत्त झाल्यापासून मामा घरी बसून होते. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मामींचं शिलाई मशीन. त्या शाळांचे गणवेश शिवायच्या. मामा त्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसत आणि मामी शिवायला लागल्या की सांगत, "कडेनं घे. आता वळण आहे, हळू. मागं बघितलंस का?" असे दोनशे सदरे मामींनी शिवले. दोनशे एकाव्याला त्या उठल्या, मामांचा बिल्ला शोधून काढला आणि त्यांना घेऊन थेट आमच्या कार्यालयात आल्या.

साहेबांनी मामांना सगळं खरं सांगितलं. मामांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे मी करायचं काय?"

"एकतीस वर्षं करत आलात तेच," साहेब म्हणाले. "फक्त त्याचा परिणाम होणार नाही."

"दोन वर्षं घरी तेच चाललंय," मामा म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

सहीच्या वर त्यांची कर्तव्यं दिलेली होती: आसनावर बसणे, स्टिअरिंग धरणे व वळणाच्या दिशेने फिरवणे, दर वीस मिनिटांनी एकदा मागच्या आरशात बघून नापसंती दर्शवणे, प्रवाशांची टीका ऐकून घेणे. पाचवं कर्तव्य सहीच्या खाली, बारीक अक्षरांत होतं. ते होतं, 'प्रसंगी दोष पत्करणे.' मामांनी त्या दिवशी चष्मा आणला नव्हता. शिवाय ही गोष्ट घरातल्यांसह कोणालाही सांगायची नाही, अशी अट होती. मामांनी ती जिना उतरेपर्यंत पाळली.

पहिले तीन दिवस जुळेना. गाडी डावीकडे वळायची तेव्हा मामा अजून आरशात बघत असायचे. मामांनी ब्रेक दाबला की गाडी खुशाल पुढे. प्रवाशांना वाटायचं, म्हातारा मुरलेला आहे, न बघता वळवतो. पण मामांना ते लागलं. त्यांनी अभियंताताईंना गाठून विचारलं की तुमची गाडी वळण्याआधी मनात काय आणते? ताईंना हा प्रश्न याआधी कोणी विचारला नव्हता. त्यांनी एक सबंध दुपार डेपोत मामांना गाडीचा स्वभाव समजावून दिला: सायकल दिसली की ती किती हात आधीच मंदावते, पाणी साचलेलं कसं ओळखते, शाळेपाशी का रेंगाळते. मामा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखीच आहे."

पुढच्या आठवड्यापासून मामांचे हात आणि गाडीची चाकं अशी जुळली, की कोण कोणाच्या मागे चाललंय हे माझ्यासारख्या माहीतगारालाही सांगता येईना. मामा अर्धा तास आधी येऊन टायर तपासायचे. फडक्यानं स्टिअरिंग पुसायचे. पावसात भिजलेल्या प्रवाशाला बघून गाडी थांबली (ती तशीही थांबणारच होती), की त्याच्याकडे बघून मान हलवायचे. ताई एकदा त्यांना, काहीशा संकोचानंच, म्हणाल्या की मामा, एवढा जीव लावू नका, गाडी तुमचं ऐकत नाही. मामांनी फडकं घडी करत उत्तर दिलं, "मुलं तरी कुठं ऐकत होती? म्हणून काय सांगायचं सोडलं?"

लोक परत आले. सहा आठवड्यांत रिकाम्या गाड्या भरल्या. गाडी तीच, वेग तोच, थांबे तेच. पण मी घेतलेल्या पाहणीत 'आता सुरक्षित वाटतं' म्हणणारे एकतीस टक्क्यांवरून अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर गेले. केस गळणं थांबलं. मळमळ गेली. तक्रारी आल्या, पण त्या निकोप होत्या: चालक उद्धट आहे, चालक ओळखीच्यांसाठीच थांबतो, चालकाचं लक्ष नसतं. छत्रीवाले आजोबा मामांच्या मागच्याच सीटवर बसू लागले. छत्रीचं टोक मामांच्या पाठीच्या दिशेनं धरून ते रोज सूचना करायचे, आणि उतरताना न चुकता शेजाऱ्याला सांगायचे, की शेवटी हात माणसाचा तो माणसाचाच. बघितलंत ना वळण कसं घेतलं? अभियंताताई एकदा त्याच गाडीत मागे उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. तोंडातून ब्रही काढायचा नाही अशी त्यांच्याही करारात अट होती, त्यामुळे त्या दोन थांबे आधीच उतरल्या आणि चालत गेल्या.

असं सात महिने उत्तम चाललं. मग आरसा आला.

एका मंगळवारी सकाळी साडेनऊला एक सुतार कपाटाचा मोठा आरसा हातगाडीवर उभा बांधून निघाला होता. बाजाराच्या वळणावर ती हातगाडी आणि आमची बस समोरासमोर आली. बसनं बघितलं, तर आपल्यासारखीच, आपल्याच क्रमांकाची बस आपल्याच अंगावर येते आहे. तिनं तत्काळ ब्रेक लावला. तिच्या जागी मी असतो तर मीही लावला असता. आत चौतीस प्रवासी होते. अकरा जणांना मुका मार लागला, सात डबे सांडले, आणि छत्रीवाले आजोबा, छत्री सोडायला तयार नसल्यामुळे, उजव्या मनगटावर पडले. मनगट मोडलं.

बस थांबली ती थांबलीच. समोरची बस जाईपर्यंत हलायचं नाही, अशी तिची शिकवण. समोरची बसही तितकीच सुसंस्कृत. सुतारही हलेना, कारण एवढी मोठी गाडी आधी जाऊ द्यावी हा त्याचा शिष्टाचार. पंचवीस मिनिटं तिघं एकमेकांना 'आधी तुम्ही' करत उभे राहिले. शेवटी मामांच्या ध्यानात आलं. ते खाली उतरले, अंगातला सदरा काढला आणि बनियनवर उभं राहून तो आरशावर टाकला.

समोरची बस नाहीशी झाल्याबरोबर आमची बस निघाली. मामांना न घेता.

मामा थोडं पळाले, मग थांबले. त्यांचं वय बासष्ट. सुतारानं त्यांना सदरा परत दिला आणि दोघं हातगाडी वळवून ढकलत बसच्या मागे मागे चालत तिसऱ्या थांब्यापर्यंत गेले. वाटेत सुतारानं विचारलं की मग गाडी कोण चालवतंय? मामा म्हणाले की सांगायची परवानगी नाही. तिसऱ्या थांब्यावर बाजाराची गर्दी होती, त्यामुळे बस अजून प्रवासी घेतच उभी होती. मामा चढले, आपल्या जागेवर बसले, आणि गाडी पुढे निघाली. पुढच्या चौकात आजोबांना रुग्णालयाच्या गाडीत घालण्यात आलं.

आता चौकशीकडे वळू. चौतीस प्रवाशांचे जबाब मी स्वतः घेतले, आणि मानवी निरीक्षणशक्तीबद्दलचा माझा आदर त्या दिवसापासून दुणावला. चौतीसही जणांनी सांगितलं की चालकानं अचानक ब्रेक दाबला. एकोणीस जणांनी त्याला फोनवर बोलताना पाहिलं. (मामांकडे फोन नाही, मामी तो वापरतात.) नऊ जणांना तो डुलक्या घेताना दिसला, त्यांपैकी पाच जण फोनवाल्यांतही होते. आणि अपघातानंतरच्या तीन थांब्यांबद्दल सर्वांचं एकमत होतं: त्या तीन थांब्यांत तर त्यानं गाडी फारच बेदरकारपणे हाकली. सुताराचा जबाब घेता आला नाही, कारण तो प्रवासी नव्हता.

साहेबांनी मामांना बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. मामा काय ते समजले. साहेब म्हणाले की लोकांना खरं सांगितलं तर बाराही गाड्या पुन्हा रिकाम्या धावतील. दोष घ्या, पंधरा दिवस घरी बसा, मग परत या. मामा म्हणाले की पंधरा दिवसांचं काही नाही, पण जेवणघरातला फोटो? साहेब म्हणाले की तो उतरवावा लागेल. खालचं वाक्य आता खरं राहणार नाही. मग त्यांनी करार मामांकडे फिरवून सहीखालची ओळ दाखवली. या वेळी मामांकडे चष्मा होता.

त्या संध्याकाळी मी मामांच्या घरी गेलो, कारण कबुलीजबाबाचा मसुदा माझ्याकडे होता. मामी काज करत होत्या. मी मसुदा वाचून दाखवला. 'माझ्या हलगर्जीपणामुळे' हे शब्द आल्यावर मामा उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. मामींनी सुई थांबवली.

"छत्तीस वर्षांच्या संसारात मला एकदाही 'माझं चुकलं' म्हणाला नाहीत," त्या म्हणाल्या. "चुकलं असताना म्हणाला नाहीत. आणि आता त्यांच्यासाठी, न चुकता म्हणणार?"

खिडकीकडे बघतच मामांनी मामींना विचारलं की घरात स्क्रूड्रायव्हर कुठे आहे. मशीनच्या खणात, मामी म्हणाल्या.

चौकशी डेपोच्या जेवणघरात झाली, कारण सगळे मावतील एवढी जागा तिथेच होती. आजोबा पहिल्या रांगेत, उजवा हात प्लास्टरमध्ये, छत्री डाव्या हातात. साहेबांनी प्रास्ताविक केलं आणि चालक आपलं निवेदन करतील असं सांगितलं. मी खिशातला मसुदा मामांपुढे धरला. मामांनी तो घेतला नाही. त्यांनी पिशवीतून स्टिअरिंग काढलं आणि टेबलावर ठेवलं. तीन स्क्रू बाजूला मांडले.

"हे कशालाच लावलेलं नाही," ते म्हणाले. "गाडी आपली आपण चालते. पहिल्या दिवसापासून. मी नुसता बसतो. चांगली चालते हो, माझ्याइतकीच चांगली. त्या दिवशी तिची जरा फसगत झाली."

साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता सत्य लोकांपर्यंत पोचतंय. एका अर्थी पोचलंही.

आजोबा उठले. त्यांनी छत्रीचं टोक स्टिअरिंगवर टेकवलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "हा माणूस चालू गाडीचं स्टिअरिंग काढून घरी नेतो."

जेवणघरात संतापाची लाट उसळली. इतके दिवस आपण अशा माणसाच्या हाती जीव देत होतो, या कल्पनेनं एक बाई मटकन खाली बसल्या. अभियंताताई उभ्या राहिल्या. नोकरी जाणार हे ठाऊक असूनही त्यांनी आरशाचं सगळं स्पष्ट सांगितलं, चूक गाडीला शिकवणाऱ्याची आहे, म्हणजे माझी, असंही सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं की काय माणूस आहे, लेकीच्या वयाच्या पोरीला पुढे करतो. त्यावर टाळ्या पडल्या. ताई खाली बसल्या. मामांनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला.

निकाल त्याच दिवशी लागला. मामा दोषी, हलगर्जीपणाबद्दल एकदा आणि स्टिअरिंग काढल्याबद्दल दुसऱ्यांदा. तो दुसरा आरोप निर्विवाद होता, पुरावा टेबलावरच होता. फोटो उतरवण्यात आला. भिंतीवर त्या जागी एक स्वच्छ चौकोन राहिला. बाकी भिंत किती कळकट आहे ते तेव्हा कळलं. त्या महिन्याच्या पाहणीत सुरक्षित वाटणाऱ्यांचं प्रमाण चौऱ्याण्णव टक्के झालं. दोषी सापडल्यावर माणसाला जितकं सुरक्षित वाटतं, तितकं दोष नसताना कधीच वाटत नाही, असा निष्कर्ष मी अहवालात काढला. साहेबांनी ते वाक्य स्वतःच्या भाषणासाठी ठेवून घेतलं. ताईंची बदली झाली. जायच्या आधी त्यांनी गाडीला आरसा ओळखायला शिकवलं. मामांचा सदरा दिसला तर तिनं काय करावं, हेही शिकवलं म्हणतात, पण त्याची नोंद नाही.

मामांच्या जागी दुसरा चालक आला. चाळिशीचा, जाड मिशांचा, अजून हात न जुळलेला. मामा आता मामींसोबत प्रवासी म्हणून जातात, शिवलेले गणवेश पोचवायला. गेल्या महिन्यात मी त्यांच्याच गाडीत होतो. एका वळणावर गाडीनं सायकलवाल्यासाठी वेग कमी केला आणि हलकासा हिसका बसला. गठ्ठा मामींच्या मांडीवरून घसरला.

"अरे ए," मामा ओरडले, "डोळे उघडे ठेवून चालव की!"

मिशावाल्यानं आरशात बघून नापसंती दर्शवली. मामी मामांकडे बघत राहिल्या. मीही बघत होतो. मामांनी गठ्ठा उचलला, त्याची गाठ नीट केली, आणि मला हळूच म्हणाले, "कळतं रे सगळं. पण मागे बसलं की राहवत नाही."

हे सगळं वाचून मामांवर अन्याय झाला असं आपलं मत झालं असेल, आणि त्याला जबाबदार कोण हेही आपण एव्हाना ठरवलं असेल. कोणी साहेबांना धरलं असेल, कोणी आजोबांना, कोणी कबुलीचा मसुदा खिशात घेऊन गप्प उभ्या राहिलेल्या अहवाललेखकाला. विभाग आपल्या भावनांची कदर करतो. आपली तक्रार विहित नमुन्यात, दोन प्रतींत, तळमजल्यावरच्या चार नंबरच्या खिडकीत द्यावी. तिथे आजकाल मी बसतो. मी अर्ज घेतो, शेवटपर्यंत वाचतो, मधे मधे 'अरेरे' म्हणतो आणि शिक्का मारतो. खिडकीवरून परतणाऱ्यांपैकी एक्याण्णव टक्के लोकांना हलकं वाटतं. अर्ज तिथून पुढे कुठे जातो, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. आपणही विचारणार नाही. आपल्याला बोलायला माणूस हवा होता. तो खिडकीत आहे. येताना पेन आणावं.